गोरोंगोसाच्या बिनसुळ्यांच्या हत्तिणी

मोझांबिकमधल्या गोरोंगोसाच्या जंगलात 1977 ते 1992 या यादवी युद्धाच्या काळात हस्तिदंत म्हणजे रोख पैसा होता. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी सुळ्यांसाठी हत्ती टिपले. नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती संपले. आपल्याकडच्या हत्तिणीला बाहेर दिसणारे सुळे सहसा नसतात. आफ्रिकेतल्या हत्तिणीला मात्र असतात. त्यांनी ती झाडाची साल सोलते, कोरड्या नदीपात्रात पाण्यासाठी खणते. युद्धापूर्वी गोरोंगोसात साधारण 18 टक्के हत्तिणी बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धानंतर निम्म्या. मोजकीच जनावरं उरली की असे आकडे योगायोगानेही बदलतात, ही शंका रास्तच. पण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा निव्वळ योगायोगाने एवढी उडी जवळजवळ अशक्य ठरली. बिनसुळ्यांची हत्तीण वाचण्याची शक्यता सुमारे पाचपट होती.

निसर्गाने हत्तींना वाचवलं, असं यावर कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. बिनसुळेपणाचा हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो, आणि तो वाट्याला आलेला नर बहुधा जन्माआधीच दगावतो. म्हणून अशा हत्तिणींना मुलगे कमी, मुली जास्त. शिवाय सुळे गेले की साल सोलणं, खणणंही अवघड होतं, आणि त्यावर विसंबणाऱ्या इतर प्राण्यांचंही नुकसान होऊ शकतं. हा बचाव फार महागात पडला आहे. बंदुका थांबून तीस वर्षं उलटली, तरी तिथे बिनसुळ्यांच्या मुली जन्मतच आहेत.