अभियांत्रिकी प्रवेश : ‘कट-ऑफ’ कसा वाचावा?

सोनगीरच्या विद्यार्थ्याला पुण्याचे सीओईपी वा मुंबईचे व्हीजेटीआय गाठायचे असल्यास प्रथम स्वतःची संधी अजमावावी लागते. एमएचटी-सीईटीतील पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे. परीक्षार्थी ३ लाख असतील, तर ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे सुमारे ३ हजार जण असतात. म्हणून राज्य गुणवत्ता क्रमांकही पाहावा.

‘कट-ऑफ’ म्हणजे त्या फेरीत जागा मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा आकडा. मागील दोन-तीन वर्षांच्या याद्यांत आपली शाखा व प्रवर्ग यांचीच ओळ वाचावी. जागेच्या संकेताच्या शेवटी ‘एच’ असल्यास ती गृह विद्यापीठाची, ‘ओ’ अन्य विद्यापीठाची, तर ‘एस’ राज्यस्तरीय. धुळे जिल्ह्यातून बारावी झालेल्याचे गृह विद्यापीठ जळगावचे. त्याने पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयासाठी ‘एच’ची ओळ पाहिल्यास अंदाज चुकतो.

पर्याय आवडीच्या क्रमानेच भरावेत. वरचा पर्याय हुकल्याने खालच्यावरील हक्क कमी होत नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाल्यास तो अंतिम ठरतो. यादीच्या शेवटी धुळे, शिरपूर, जळगाव येथील आवाक्यातील महाविद्यालये अवश्य असावीत. अन्यथा चांगले गुण असूनही हाती जागा नाही, अशी वेळ येते.