उकिरड्यावरचे रान

दिवाळी आली की आमच्या गावची पोरे किल्ला करावयास बसतात. खाली फुटक्या विटा, मोडकी कौले, जुने पोते. त्यावर चिखल, आणि चिखलावर हळीव पेरलेले. चार दिवसांत बुरुजाखाली हिरवी लव फुटते आणि आतला कचरा कोणाच्या ध्यानीमनीही राहत नाही. आपण मोठी माणसे हा पोरखेळ कौतुकाने पाहतो. परंतु हाच खेळ शहाण्यासुरत्या माणसांनी मोठमोठ्या शहरांतून मांडला आहे. त्याचा इतिहास मला, भंडारदऱ्याच्या एका शाळामास्तराला, सहा वर्षांच्या एका मुलीमुळे शोधावा लागला.

आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा येथे अडवली आहे. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून ते विल्सन धरण. ८२ मीटर उंचीची ही भिंत दगडी आहे. एवढा दगड रचावयाचा म्हणजे कोठला तरी डोंगर फोडावा लागलाच असणार, आणि सोळा वर्षे येथे सुरुंगांचे आवाज घुमले असणार. आज त्या भिंतीच्या पायथ्याशी बाग आहे. मोरीतून पाणी सोडले की ते एका वाटोळ्या खडकावरून छत्रीसारखे पसरते. त्यालाच लोक ‘अंब्रेला फॉल’ म्हणतात. धबधबा माणसाने सोडलेला, बाग माणसाने लावलेली. पण पाहणाऱ्याला ते सारे डोंगराबरोबरच जन्मलेले वाटते.

असाच माणसाने केलेला धबधबा पॅरिस शहरात आहे. तेथील ब्यूत-शोमाँ या टेकाडावर चुनखडीसारख्या जिप्सम दगडाच्या खाणी होत्या. तेथेच शहराची घाणही टाकली जात असे. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत आल्फां नावाच्या इंजिनियराने ते टेकाड सुरुंगांनी घडवले, वर सुपीक माती आणून घातली, तळे खोदले, पाणी चढवून धबधबा केला. आणि १८६७ साली ते उद्यान लोकांस खुले झाले. ज्या जागेवरून लोक नाकाला रुमाल लावून जात, तेथे मुलाबाळांसह फिरावयास येऊ लागले.

आता मुंबईकडे वळू. माझा एक जुना विद्यार्थी शीवच्या बाजूला राहतो. त्याच्या घरी मी गेलो असता तो म्हणाला, “गुरुजी, चला, तुम्हाला जंगल दाखवतो.” मला हसू आले. म्हटले, “अरे, आम्हा डोंगरातल्या माणसांना तू धारावीत जंगल दाखवणार?” त्याने नुसती मान हलवली आणि मुलीला बरोबर घेऊन तो मला मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यानात घेऊन गेला.

सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी मुंबईचा उकिरडा होती. वर्षानुवर्षे येथे शहराचा कचरा पडत होता. १९७०च्या दशकात तो थांबला. तेथे शोभेची बाग न करता रान उभे करावे, ही कल्पना निसर्गप्रेमी मंडळींनी मांडली. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी उघडले.

लिहावयास हे सोपे आहे. कचऱ्याचा ढीग आतून कुजत असतो, तापतो, वायू सोडतो, खचतो. वर माती पसरल्याखेरीज तेथे मुळे धरत नाहीत, आणि पहिली झाडे काटकच लागतात. त्यांची पाने गळतात, कुजतात, मातीची साय धरते. मग नाजूक झाडे तग धरतात, फुलपाखरे येतात, पाखरे चोचीतून बी आणून टाकतात. तेथे पावसाचे पाणीही तळ्यात साठवून वापरतात. पलीकडे मिठीच्या काठाला तिवरांची झाडी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हीच मिठी घराघरांत शिरली. नदीचा काठ मोकळा ठेवणे ही चैन नव्हे, हे त्या दिवशी मुंबईला पुरते कळले.

आम्ही सावलीत बसलो होतो. इतक्यात त्या मुलीने मला विचारले, “गुरुजी, भंडारदऱ्याचे जंगल कोणी लावले?”

तिच्या लेखी जंगल हे कोणीतरी लावावयाचेच असते. कोणी लावले नाही, ते आपोआप आहे, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, “मग त्याला सांभाळतं कोण?”

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर लाज वाटली. किती वर्षे मी शाळेची सहल धरणाखालच्या बागेत नेत आलो! पोरांना चिवडा वाटला, पुड्या तेथेच राहिल्या. मी शिट्टी वाजवून पोरे मोजली, पुड्या कधी मोजल्या नाहीत. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. पण पावसाळ्याच्या तोंडाशी काजवे पाहावयास लोटणारी गर्दी काजव्यांचीच झाडे व पायतळीचे गवत तुडवते, आणि जलाशयाच्या काठी सकाळी बाटल्या चमकतात. मुंबईने उकिरड्याचे रान केले. आम्ही मात्र आयत्या रानाचा उकिरडा करावयास निघालो आहोत. आणि दुसरे काम पहिल्याहून फार लवकर उरकते. धारावीत पहिल्या झाडापासून उद्यानाचे दार उघडेपर्यंत अकरा वर्षे गेली. पुडी टाकावयास एक क्षण पुरतो.

यंदा सहलीला आम्ही चिवडा डब्यांतून नेला आणि येताना दोन पोती भरून आणली. त्यातला पुष्कळ कचरा आमचा नव्हता. पोरे कुरकुरली, मी म्हटले, मागच्या वर्षांचा आपलाच धरा.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी बापाबरोबर गावी यावयाची आहे. रतनगडाच्या वाटेवर हिरडा, जांभूळ, कारवी दाखवीन म्हणून मी कबूल केले आहे. तिचा प्रश्न ती विसरली असेल, असे मला वाटत नाही.