सो यू वाँट टू कीप युअर हेअर
पुरुषांच्या टकलावरील अमेरिकी विनोदी लघुपट (१९४६). निर्मिती वॉर्नर ब्रदर्स, दिग्दर्शक रिचर्ड बेअर. मुख्य भूमिका जॉर्ज ओहॅनलन. कृष्णधवल, लांबी सुमारे दहा मिनिटे. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या जो मॅकडोक्स मालिकेतील (१९४२–५६) हा एक भाग.

मॅकडोक्स हा साधा मध्यमवर्गीय नोकरदार. प्रत्येक भागात त्याच्यामागे एक नवी विवंचना लागते. या भागात ती गळत्या केसांची आहे. मालिकेच्या सुरुवातीच्या लघुपटांत निवेदकाचा धीरगंभीर आवाज शैक्षणिक माहितीपटाच्या थाटात सल्ले देतो आणि पडद्यावर ओहॅनलन बहुतांशी मूकाभिनयाने त्या सल्ल्यांची वाट लावतो. खरा विनोद या विसंगतीत आहे. टकलाची टिंगल करण्यापेक्षा केस टिकवण्याच्या धडपडीतले हसू शोधणे केव्हाही सरस, आणि मालिकेची ही रीत या विषयाला चपखल बसते.

तेव्हा तेले, मालिश व नाना यंत्रे यांचा बाजार तेजीत होता. वास्तविक टक्कल पडण्यात आनुवंशिकतेबरोबर पुरुषी संप्रेरकाचाही वाटा असतो, हे संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवले होते. पण मिनॉक्सिडिल या औषधाला केसांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. मॅकडोक्सच्या हाती उपाय असा काही नव्हताच.

ओहॅनलन यांनी पुढे ‘द जेट्सन्स’ या व्यंगचित्रमालिकेत (१९६२) जॉर्ज जेट्सनला आवाज दिला.