बर्लिन, १४९ कवट्या आणि एक कर्ज

आमच्या यवतमाळात आता जर्मनीला शिकायला जाणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय ते पाठ असतं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २०१७ पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो लावलेत, ते सोडा). पण राहण्या-खाण्याचे पैसे आधीच दाखवावे लागतात आणि त्यासाठी बऱ्याच घरांत बाबांना बँकेची पायरी चढावी लागते. मग कोणाचा तरी भाऊ मला मेल टाकतो: दादा, विद्यापीठ कोणतं? खर्च किती? पुढे नोकरी मिळेल का?

प्रश्न तिन्ही रास्त. पण मला चौथा सुचतो: तिथे ज्याच्या हाताखाली शिकणार, त्याला हवं ते उत्तर तुमच्या डेटातून निघालं नाही तर?

हा प्रश्न एका मराठी बाईसमोर खरोखर आला होता. 'युगान्त'वाल्या इरावती कर्वे. आपण त्यांना महाभारतामुळे ओळखतो, पण त्यांची डॉक्टरेट बर्लिनची आहे आणि विषय होता माणसाची कवटी!

१९२८ साली त्या निघाल्या तेव्हा वय होतं बावीस. नवरा दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला, त्यामुळे त्याचा पूर्ण पाठिंबा. सासरे मात्र राजी नव्हते. आणि सासरे कोण, तर महर्षी अण्णा कर्वे, बायकांसाठी विद्यापीठ काढणारे! (घरच्या सुनेची गोष्ट आली की भले भले अडखळतात.) पैसे उसने मिळाले जीवराज मेहतांकडून. हेच पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे शैक्षणिक कर्ज तेव्हाही होतंच, फक्त बँकेऐवजी माणूस होता.

बर्लिनमध्ये त्यांचे गाइड होते ऑयगेन फिशर. विद्यापीठात प्राध्यापक आणि डालेम भागात १९२७ साली सुरू झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. या माणसाचं नाव वंशशास्त्रात तेव्हा फार मोठं. कवटीची डावी-उजवी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक युरोपीय लोकांत जास्त असतो आणि त्याचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे, अशी फिशरची अटकळ होती. इरावतीबाईंना काम मिळालं ते हेच तपासण्याचं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्याही. निष्कर्ष: असा फरक सगळ्याच माणसांत असतो, वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही.

आता जरा त्यांच्या जागी उभे राहून बघा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नाराजी, आणि डिग्री ज्याच्या सहीवर अडलेली त्याचीच थिअरी आपले आकडे खोटी पाडतायत. एखाद-दुसरं वाक्य मऊ करणं किती सोपं होतं! त्यांनी ते केलं नाही. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या.

फिशर १९३३ साली त्याच विद्यापीठाचा रेक्टर झाला आणि त्याची संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देत राहिली.

इरावतीबाईंना देवी करण्याचं मात्र कारण नाही. भारतात आल्यावरही जातीजमातींच्या लोकांची डोकी, नाकं मोजण्याचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकवत होत्या. बर्लिनची मोजपट्टी सोबत आली होती, ती लगेच सुटली नाही. पण मोजल्यावर जे दिसलं ते लिहायचं, ही सवयही त्यांची स्वतःची होतीच.

संस्थेची ती इमारत आज बर्लिनच्या फ्राय विद्यापीठाकडे आहे, तिथे वर्ग भरतात. दारावर तिथे काय चालत होतं हे सांगणारी पाटी आहे. २०१४ साली त्याच परिसरात खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. २०२३ मध्ये ती सन्मानाने पुरली गेली.

तुमच्यापैकी कोणी बर्लिनला शिकायला गेलंच, तर एखाद्या रविवारी डालेमला चक्कर मारा. पत्ता सोपा आहे: इहनेश्ट्रासे २२.