पांढरीची माती ते फायबर सिमेंट : गेवराईच्या भिंतींचा इतिहास

१/
मराठवाड्यात वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला 'काळी'. या दोन शब्दांत घरबांधणीचे एक शास्त्र दडलेले आहे. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका गोदावरीच्या काठचा. येथील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला ती मानवते, परंतु भिंतीला नाही. म्हणून घरासाठी माती आणली जाई ती जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, म्हणजे पांढरीतून.

२/
ही माती पांढरट का? शतकानुशतके पडलेली घरे, चुलीची राख, चुना आणि शेण यांचे थर एकमेकांवर साचून ती तयार झाली. ती फारशी फुगत नाही आणि नीट चोपून बसवली की पाणी सहजी झिरपू देत नाही. एका पिढीचे पडलेले घर पुढच्या पिढीच्या भिंतीत जाई. पुरातत्त्वज्ञांना मात्र याची हळहळ वाटते, कारण माती खणून नेताना प्राचीन वसाहतींची अनेक टेकाडे नाहीशी झाली.

३/
नुसती माती वाळताना तडकते. तिला धरून ठेवायला तंतू लागतो. म्हणून गारा करताना त्यात भुसा, गवत आणि शेण मिसळले जाई आणि तो काही दिवस कुजवून, पायांनी तुडवला जाई. माती दाब सहन करते, तंतू ताण सहन करतो. आजच्या अभियांत्रिकीतील 'तंतुप्रबलित' साहित्याचे मूळ तत्त्व हेच आहे.

४/
या तत्त्वाचा सर्वांत देखणा पुरावा शेजारच्या जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची चित्रे ज्या गिलाव्यावर रंगवली, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू सापडतात. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून पुढे आले. लेणी कोरणाऱ्यांना जे ठाऊक होते, तेच गारा तुडवणाऱ्या गवंड्यालाही ठाऊक होते.

५/
मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या व फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधील अंतर म्हणजे 'खण'; घर किती मोठे, हे खणांवरून सांगितले जाई. छताचा भार खांबांवर असे. दगडमातीची जाड भिंत ऊन, पाऊस आणि चोर यांना अडवण्यासाठी असे. मे महिन्याच्या भर दुपारी अशा घरात शिरल्यावर जो गारवा मिळे, तो त्या जाडीचा.

६/
जाडीला आणखी एक कारण होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनची लढाई झाली, ती याच गेवराई तालुक्यात. थोरल्या माधवराव पेशव्यांनी तेथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. ज्या मुलखातून फौजा येत-जात, तेथे पाटील-देशमुखांनी पांढऱ्या मातीच्या उंच गढ्या उभारल्या. भिंत ही प्रतिष्ठा होती आणि संरक्षणही.

७/
परंतु माळवद दरवर्षी निगा मागते. पावसाळ्यापूर्वी छतावर नवी माती घालायची, भेगा बुजवायच्या, वाळवीवर लक्ष ठेवायचे. छत गळू नये म्हणून मातीवर माती चढत गेली आणि डोक्यावरचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला. भिंतीही तशाच : बाहेर एक दगडांची रांग, आत एक रांग, मध्ये दगडगोट्यांची भर आणि सांधायला फक्त चिखल. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसेच.

८/
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती विसर्जन करून गावे झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. तत्कालीन भूकंप-नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

९/
पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. कित्येक घरांचे लाकडी खण उभेच होते. कोसळल्या होत्या त्या भिंती. हादऱ्याने दगडांच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि आत-बाहेर ढासळल्या. जी भिंत संरक्षणासाठी होती, तिच्याखालीच माणसे गाडली गेली. पुढे दुरुस्तीच्या कामांत भिंतींना आरपार जोडदगड घालणे आणि छतावरची माती उतरवणे यांवर भर देण्यात आला, तो याच अनुभवातून.

१०/
किल्लारीने मराठवाड्याच्या मनात दगडमातीविषयी धास्ती बसवली. तात्पुरत्या निवाऱ्यांसाठी आलेला पत्रा हलका म्हणून सुरक्षित वाटू लागला. गेवराईसारख्या तालुक्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि अर्धे वर्ष कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांत राहतात. अशा कुटुंबाला माळवदाची निगा राखणे कठीणच. लोखंडी पत्रा, सिमेंटचा पत्रा आणि स्लॅब यांना गावोगावी जागा मिळाली, त्यामागे ही कारणेही होती.

११/
यांतील 'सिमेंटचा पत्रा' हा या इतिहासातील दुसरा धडा. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने कागद बनवण्याच्या यंत्रासारख्या यंत्रावर सिमेंट आणि ॲसबेस्टॉसचा तंतू यांचे पातळ थर एकावर एक चढवून पत्रा तयार केला. त्याने नाव दिले 'एटरनिट'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शाश्वतता. मिश्रण सुमारे नऊ भाग सिमेंट आणि एक भाग तंतू. पांढऱ्या मातीतील भुशाचीच ही कारखान्यातील आवृत्ती. भारतात १९३४ साली मध्य प्रांतातील कायमोर येथे अशा पत्र्यांचा कारखाना सुरू झाला, पुढे मुंबईजवळ मुलुंडलाही.

१२/
शाश्वत ठरला तो तंतू. ॲसबेस्टॉसची अतिसूक्ष्म तुसे श्वासावाटे फुप्फुसात गेली की तेथेच राहतात आणि कित्येक दशकांनी फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा उद्भवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲसबेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगकारक आहेत. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ॲसबेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. युरोपीय संघाने २००५ पासून ॲसबेस्टॉसवर बंदी घातली. भारतात मात्र असे पत्रे अजूनही विकले जातात.

१३/
म्हणून १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियासह काही देशांतील उत्पादकांनी तंतू बदलला. ॲसबेस्टॉसच्या जागी लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज आले. वाळू, सिमेंट आणि हा लगदा यांची फळी दाबाखालील वाफेत पक्की केली जाते. आज घराच्या दर्शनी भागासाठी मिळणारा फायबर सिमेंट बोर्ड तो हाच. भुसा, भांग, ॲसबेस्टॉस आणि पुन्हा वनस्पती, असे हे वर्तुळ आहे.

१४/
गेवराईतील घरासाठी याचा अर्थ काय? एक चौरस मीटर क्षेत्रफळाची, दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत एक टनाहून जड असते. तेवढ्याच क्षेत्रफळाचा दहा मिलिमीटरचा बोर्ड पंधरा किलोंच्या आसपास. त्याला वाळवी लागत नाही, तो पेट घेत नाही. परंतु तो भिंतीचे बाह्य आवरण आहे, भार पेलणारा घटक नव्हे. मागे लोखंडाचा, लाकडाचा किंवा काँक्रीटचा सक्षम सांगाडा हवाच. भार खणांनी पेलायचा आणि आवरणाने फक्त ऊनपाऊस अडवायचा, ही माळवदाची जुनी विभागणी येथे परत येते. आवरण तेवढे हलके झाले.

१५/
गारवा मात्र जाडीबरोबर जातो. पातळ बोर्ड दोन फुटी भिंतीसारखे ऊन शोषून धरत नाही. म्हणून त्याच्या मागे हवा खेळती राहील अशी पोकळी आणि उष्णतारोधक थर ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट, खरेदीपूर्वी पत्र्यावरील मानकाची खूण पाहावी. आयएस ४५९ हे ॲसबेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचे मानक आहे. आयएस १४८६२ हे सपाट फायबर सिमेंट बोर्डांचे. तरीही तंतू कोणता आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बोर्ड कापताना उडणारी सिलिकाची धूळही फुप्फुसाला घातक असते. कापणाऱ्याने मुखपट्टी बांधावी आणि पाणी मारून धूळ बसवावी.

१६/
आणि जुना सिमेंटचा पत्रा घरावर असेलच, तर तो फोडू नये, घासू नये, त्यात छिद्रे पाडू नयेत. शाबूत पत्र्यातून तंतू फारसा सुटत नाही. तुटलेल्या, झिजलेल्या पत्र्यातून सुटतो. उतरवायचाच झाला, तर ओला करून अखंड उतरवावा. त्याचे तुकडे अंगणात, जेथे मुले खेळतात तेथे, भर म्हणून टाकू नयेत. पांढरीची माती पुढच्या पिढीच्या भिंतीत जात असे. हा पत्रा तिच्या वाट्याला जाता कामा नये.