फासापासून नोंदवहीपर्यंत

चांद्याच्या इतिहासातील दोन सनावळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची आपल्याकडे चाल नाही. पहिली २१ ऑक्टोबर १८५८. त्या दिवशी मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्यास फाशी दिली. दुसरी १८६५. त्या साली हिंदुस्थानातील पहिला वन कायदा झाला. वनखाते आदल्याच वर्षी स्थापन झाले होते व त्याचा पहिला प्रमुख डिट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ होता. बाबूरावांचे स्मरण आपण करतो आणि ते योग्यच आहे. कायद्याची पुण्यतिथी कोणी पाळीत नाही. परंतु चांदा आणि गडचिरोलीच्या माणसाच्या सरपणावर, गुरांच्या चाऱ्यावर आणि घराच्या आढ्यावर दीर्घकाळ राज्य केले ते या दुसऱ्या घटनेने.

हा फरक उलगडण्यास मिशेल फूको या फ्रेंच तत्त्वचिंतकाचा उपयोग होतो. हा गृहस्थ १९२६ साली जन्मला व १९८४ साली वारला. तुरुंगाच्या जन्माविषयीचा त्याचा ग्रंथ १९७५ सालचा. त्याच्या आरंभी १७५७ साली पॅरिसमध्ये भर लोकांत हालहाल करून दिलेल्या देहदंडाचे वर्णन आहे. आणि लगेच, सुमारे ऐंशी वर्षांनंतरच्या एका बंदिगृहाचे वेळापत्रक. केव्हा उठावे, केव्हा प्रार्थना करावी, केव्हा काम करावे, सारे घड्याळाबरहुकूम. क्रौर्य कमी झाले खरे. पण सत्ता कमी झाली काय? फूको म्हणतो, ती वेळापत्रकात, तपासणीत आणि नोंदवहीत शिरली. सत्ता ही कोणाच्या तिजोरीत कुलूपबंद ठेवलेली वस्तू नव्हे. ती माणसामाणसांच्या व्यवहारांतून चालते. आणि ज्ञान तिच्यापासून सोवळे राहत नाही. मोजणारा मोजता मोजता मोजलेल्या वस्तूला नवे रूप देतो.

खाणीतल्या किंवा गिरणीतल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. हजेरीपटावरचा शेरा, काट्यावरचा आकडा, डॉक्टरने लिहिलेले ‘कामास योग्य’ हे दोन शब्द यांनी त्याचा दिवस ठरतो. मालकाचे तोंड तो वर्षानुवर्षे पाहत नाही.

आता जंगलाकडे वळू. १८७८ च्या कायद्याने राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे प्रकार पाडले. ही केवळ नावे नव्हती. जे काल गावाचे वहिवाटीचे काम होते, ते एका रकान्यात ‘सवलत’ झाले आणि दुसऱ्या रकान्यात ‘गुन्हा’. आपल्याकडचा ‘निस्तार’ हा शब्दही या वहीतूनच फिरला. माणूस तोच, कुऱ्हाड तीच, झाडही तेच. बदलली ती नोंद.

पण फूकोचे बोट धरून डोळे मिटून चालता येणार नाही. युरोपात फास मागे पडला आणि वही पुढे आली, असे चित्र त्याने रंगविले. वसाहतीत दोन्ही एकत्र नांदली. १९३० च्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे गोळीबार झाला. वही अडली की बंदूक बोलत असे. वसाहतींविषयी फूकोने फारसे लिहिले नाही. ती उणीव आपण आपल्या इतिहासाने भरून काढली पाहिजे.

आमच्या चळवळीतला माणूस येथे एक आक्षेप घेतो : सत्ता सगळीकडेच असेल, तर संपाची नोटीस द्यावयाची कोणाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बांबूने दिले आहे.

वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. १९२७ च्या वन कायद्याने ‘वृक्ष’ शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश केला. वृक्ष म्हटला की लाकूड आले, आणि लाकूड म्हटले की खात्याचा परवाना आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला व त्याची मालकी वनवासीयांची मानली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना खात्याच्याच हाती राहिला. हक्क गावाचा आणि पावतीपुस्तक दुसऱ्याचे! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ साली वृक्षाच्या व्याख्येतून बांबू हा शब्दच वगळण्यात आला. नोटीस दिली गेली होती ती एका शब्दाला आणि एका पुस्तकाला. सत्ता बारीकसारीक ठिकाणी वसते म्हणूनच ती बारीकसारीक ठिकाणी अडविता येते.

मेंढ्याने हे कशाच्या बळावर केले? देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालविला. कायदा वाचावयाचा, जंगल पाहावयाचे, चर्चा करावयाची आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यावयाचा. १९७१ साली फूकोने मित्रांसह तुरुंगांची माहिती गोळा करणारा एक गट काढला होता. त्याचा आग्रह असा की तुरुंगाविषयी बोलावे ते कैद्यांनीच. पॅरिस आणि धानोरा यांची भेट कधी झाली नाही. परंतु ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याने लेखणी हाती घ्यावी, ही निकड दोहींकडे एकच होती.

आज विद्यापीठांत फूकोचे नाव सर्वत्र निघते. एडवर्ड सैद यांनी १९७८ साली पाश्चात्त्यांच्या पौर्वात्य विद्येवर त्याच्या कल्पना लावल्या. अरुण अग्रवाल यांनी २००५ साली कुमाऊंच्या वनपंचायतींवर. भूगोल, शिक्षण, परिचर्या, हिशेबशास्त्र, सगळीकडे तो पोहोचला आहे. याचा आनंद आहे, तशी धास्तीही आहे. आपले ग्रंथ ही हत्यारांची पेटी समजावी, असे तो स्वतः म्हणे. पाना सगळ्या यंत्रांना चालतो असे नाही. नट कोणत्या मापाचा आहे हे आधी पाहावे लागते. ‘येथेही सत्ता आहे’ एवढे लिहून जो प्रबंध संपतो, त्याने पाना नुसता दाखविला, नट फिरविला नाही.

म्हणून अभ्यासकाला आणि श्रोत्यालाही तीन प्रश्न सुचवितो. नोंद कोणती? ती लिहितो कोण? आणि जिच्यावर ती लिहिली जाते त्या माणसाला ती वाचता, तपासता आणि खोडता येते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कामाला सुरुवात तेथून करावी.