‘श्टिमुंग’ : एका शब्दाचे दोन अभ्यासक

जर्मन भाषेतील ‘श्टिमुंग’ या शब्दाचा एक अर्थ वाद्य सुरात लावणे असा असून दुसरा भाववृत्ती असा आहे. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सत्ता आणि काल’ या ग्रंथात मार्टिन हायडेगर याने त्यास तत्त्वज्ञानात स्थान दिले. भाववृत्ती ही अंतःकरणात कोंडलेली अवस्था नव्हे; तिच्याद्वारेच मनुष्यापुढे जग उघडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. भयाला निश्चित विषय असतो, उद्वेगाला नसतो. उद्वेगातच मनुष्य स्वतःच्या मृत्यूसमोर उभा राहतो, आणि तेथे त्याची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही.

१९३३ साली हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख झाला व नाझी पक्षात गेला. त्याच वर्षी भाषाशास्त्रज्ञ लिओ स्पित्झर यास, तो ज्यू असल्यामुळे, कोलोन येथील प्राध्यापकपद गमवावे लागले. इस्तंबूलमार्गे अमेरिकेत गेलेल्या स्पित्झरने पुढे याच शब्दाचा इतिहास लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर, १९६३ मध्ये, तो ग्रंथरूपाने निघाला. प्राचीन ग्रीक व ख्रिस्ती परंपरेतील विश्वसंवादाची कल्पना या शब्दामागे आहे, हे त्याने दाखविले.

हायडेगरच्या विवेचनात सहास्तित्वाचा विचार आहे. परंतु निर्णायक क्षणी मनुष्य एकटाच उरतो. स्पित्झरने उलगडलेला इतिहास मात्र हे सुचवितो की, तार सुरात लागते ती इतर तारांच्या संगतीनेच.